दस्तूला काय सांगितलं

"शशी, आपण जिंकलो का रं?"

शुद्धीवर आल्यावर दस्तगीर पहिल्यांदा बोलला ते हे. सोमवारची सकाळ होती. साडेआठ वाजले असतील. त्याच्या शेजारच्याच खाटेवर मी होतो, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलेला. त्याच्या डोक्याला पट्टी होती, डावा कान कापसाखाली गेला होता, खांदा छातीशी आवळून बांधला होता. आदल्या दिवशी दुपारी सव्वातीनला तो ट्रॅकवर पडला, तेव्हापासून त्यानं बोटही हलवलं नव्हतं. त्याची आई, हलीमाचाची, रात्रभर पायथ्याशी स्टुलावर बसून होती. पोराचा आवाज ऐकला तशी ती पदर तोंडावर दाबून डॉक्टरांना बोलवायला धावली.

"नाही," मी म्हणालो. "पडलो आपण."

"दोघं बी?"

"दोघंही."

"कुठं?"

"नालेच्या वळणावर. शेवटच्या फेरीत."

तो छताकडे बघत म्हणाला, "मला कायच आठवंना. अण्णांनी पाण्याची बाटली दिली, ती प्यालो. हेल्मेट घातलं. पुढचं सगळं कोरं." मग त्यानं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि त्याला माझं प्लॅस्टर दिसलं. "पाय मोडला तुझा?"

"घोट्याजवळ. दोन ठिकाणी."

"माझ्यामुळं?"

हा प्रश्न त्यानं स्वतःहून विचारला. मी तो त्याच्या तोंडात घातला नव्हता, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो.

"मी आतल्या बाजूला होतो," मी म्हणालो. "थोडा पुढंच. तुला दिसलो नसेन. तू गाडी आत वळवलीस."

त्यानं डोळे मिटले. पट्टीखालचं कपाळ आवळलं गेलं तेव्हा त्याला दुखलं असणार, कारण ओठ पांढरे पडले. "माफ कर लेका," तो म्हणाला. त्याचा मोकळा हात दोन खाटांच्या मधे आला. मी तो धरला.

*

साल त्र्याण्णव. मी तेवीस वर्षांचा होतो, दस्तगीर शिकलगार चोवीसचा. कोल्हापुरात उद्यमनगरात गणपतराव मेस्त्रींचं वर्कशॉप होतं. गणपतरावांना सगळे अण्णा म्हणत. पोटापाण्यासाठी ते पंपांचे सुटे भाग करायचे आणि जिवासाठी मोटारसायकली पळवायचे. वर्कशॉपच्या मागच्या शेडमधे जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उघडून, घासून, नव्यानं बांधून ते मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींना उतरवत. त्यांच्या टीमचे स्वार दोघंच, दस्तू आणि मी. दस्तू त्यांच्याकडेच टर्नर होता. मी वडिलांच्या औषधाच्या दुकानात बसायचो आणि दुपार झाली की सायकल काढून शेडवर यायचो.

आमच्यात चांगला कोण, हे कुणी बोलत नसे, कारण ते सगळ्यांना दिसत होतं. मी जोरात जायचो. दस्तू वेगात जायचा. वळणातून बाहेर पडताना त्याच्या गाडीचं मागचं चाक इतकं हलकं सरकायचं, की वाटायचं माती त्याच्या ओळखीची आहे. मला ते जमत नव्हतं आणि जमणार नाही हेही मला कळून चुकलं होतं. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती, शहराबाहेरच्या माळावर. एका मोटारसायकल कंपनीच्या टीमचे मॅनेजर, राघवन नावाचे गृहस्थ, मुद्दाम मद्रासहून आले होते. त्यांना एक स्वार हवा होता. एकच. हे आम्हाला आठवडाभर आधी कळलं होतं. दस्तूनं तेव्हा मला टाळी दिली होती. "तुझं झालं तर मला मद्रासची लुंगी आण. माझं झालं तर तुला आणतो."

सुरुवातीच्या रेषेवर जायच्या आधी अण्णांनी आम्हाला दोघांना जवळ घेतलं. एका हातात पाण्याची बाटली, दुसरा हात माझ्या मानेवर.

"बाकीचे तुमच्या जवळपास बी येणार न्हाईत," ते म्हणाले. "शेवटच्या दोन फेऱ्यांत जो पुढं, तो पुढं. आपापसात झुंजायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," दस्तू म्हणाला.

"कबूल," मी म्हणालो.

शेवटच्या दोन फेऱ्यांत दस्तू पुढं होता. त्या दिवशी पाण्याचा टँकर वेळेवर आला नव्हता, ट्रॅक कोरडा पडला होता. नालेचं वळण म्हणजे घोड्याच्या नालेसारखा डावीकडचा पूर्ण वळसा. तिथे धूळ इतकी उठली होती की झेंडा धरून उभ्या असलेल्या माणसालाही आमची नुसती सावली दिसली. त्यानं ऐकला तो फक्त आवाज. धूळ खाली बसली तेव्हा दोन्ही गाड्या ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पडल्या होत्या, माझा पाय माझ्या गाडीखाली होता, आणि दस्तू बांधाच्या दगडांशी पडला होता. तो हलत नव्हता.

*

त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास शर्यत भरवणाऱ्या क्लबचे दोघं जण दवाखान्यात आले. त्यातले एक वकील होते. त्यांनी पॅड काढलं. वॉर्डच्या दारात राघवनही उभे होते, हातात टोपी घेऊन. दस्तूच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. पडद्याच्या आतून हलीमाचाचीचा पुटपुटण्याचा आवाज येत होता. तिची प्रार्थना चालली होती.

"नेर्लेकर, तुम्ही बोलू शकता का?" वकील मला म्हणाले. "झेंडेवाल्यानं काही पाहिलेलं नाही. चूक कुणाची हे नोंदवावं लागतं. नियम आहे."

"तो कसा आहे?"

"डॉक्टर म्हणतात, चोवीस तास काही सांगता येत नाही."

मला खरोखरच तेव्हा वाटलं, की हा मरणार. आणि मेला तर मी मारला असं होणार. मी सांगितलं ते हे, की मी आतून होतो, थोडा पुढे होतो, त्यानं न बघता गाडी आत घातली.

वकिलांनी लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली. दारातले राघवन हळूच आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले की पाय बरा झाला की कळवा.

हे सगळं रविवारी संध्याकाळी झालं होतं. सोमवारी सकाळी दस्तू जागा झाला, बोलला, त्याच्या जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे भीतीचं कारण संपलं होतं. तरी मी त्याला तेच सांगितलं.

*

तीन आठवड्यांनी अण्णांनी आम्हाला वर्कशॉपवर बोलावलं. क्लबचं पत्र आलं होतं. दस्तगीरवर एक वर्षाची बंदी. अण्णांना ते पटलं नव्हतं.

"क्लबनं काय लिहायचं ते लिहू दे," ते म्हणाले. "माझ्या टीममधे काय झालं ते मला कळलं पाहिजे. कुणाला शिक्षा करायची न्हाई. पण कळलं पाहिजे."

शेडमधे चौघंच होतो. अण्णा, दस्तू, मी आणि कुंभारमामा. कुंभारमामा अण्णांचे सगळ्यात जुने कारागीर, साठीच्या पुढचे. गाड्या बांधायचे तेच. बोलायचे कमी, आणि बोलले तर गाडीबद्दलच बोलायचे. मला कुबड्या होत्या म्हणून अण्णांनी मला खुर्ची दिली. दस्तू उभा होता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, ते परत कधी येणारही नव्हतं. त्यामुळं तो बोलणाऱ्याकडे उजवी बाजू करून उभा राहायला शिकत होता.

अण्णांनी खडूनं जमिनीवर वळण काढलं. खिशातून दोन नट काढून माझ्या हातात दिले, एक माझी गाडी, एक दस्तूची.

"दस्तू, तुला आठवत न्हाई. तू बाजूला ऱ्हा. शशी, तू दोन्ही ठेव. धडकायच्या आधी कोण कुठं होता?"

मी खुर्चीवरून वाकून नट ठेवले. माझा आत, बोटभर पुढे. दस्तूचा बाहेर, बोटभर मागे. मग दस्तूचा नट सरकवून माझ्या नटाला लावला.

अण्णा खडूच्या रेघेपाशी उकिडवे बसले. "तू आत कधी शिरलास? मी सांगितलं होतं, झुंजायचं न्हाई."

"त्यानं बाहेरची वाट धरली होती, अण्णा. मला वाटलं तो मला सोडतोय."

"मग आत का आला परत?"

"ते मला कसं ठाऊक?"

तेव्हा कुंभारमामा उठले. दोन्ही गाड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, अजून दुरुस्त केलेल्या नव्हत्या. त्यांनी दस्तूची गाडी पुढं ओढली.

"ह्याचं पुढचं चाक बघा," ते म्हणाले. "ह्यानं आत घातली म्हणता. मग ह्याचं चाक त्याच्या गाडीवर आदळायला पायजे. रिमला एक चरा न्हाई." मग ते डाव्या बाजूला वाकले. "आनि हे डावं फूटरेस्ट. पुढं वाकलंय. पुढं. मागनं कुणीतरी दाबल्याबिगर फूटरेस्ट पुढं वाकत न्हाई." त्यांनी माझ्या गाडीकडे बोट केलं. "त्याचा पुढचा मडगार्ड फुटलाय. मला तर असं दिसतंय अण्णा, की शशी मागं होता. आनि आतनं बाहेर आला."

बाहेर शेजारच्या फाउंड्रीत हातोडा चालू होता.

"शशी?" अण्णा म्हणाले.

"पडल्यावर गाड्या लोळल्या, मामा," मी म्हणालो. "चार कोलांट्या खाल्ल्या. तेव्हा काय कुठं वाकलं, कोण सांगणार?"

"लोळल्यावर रिम शाबूत ऱ्हायली आनि फूटरेस्ट तेवढं वाकलं?"

"मी तिथं होतो, मामा. तुम्ही नव्हता."

माझा आवाज चढला. मामा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. एखादा बोल्ट आट्यात नीट बसत नसला की ते जसं बघायचे तसं. मला वाटलं, आता आणखी एक प्रश्न विचारला तर मी सांगून टाकीन. खरं सांगतो, मला तो प्रश्न हवा होता.

पण तो विचारला गेला नाही. कारण दस्तू मधे पडला.

"मामा, बास," तो म्हणाला. "त्यो म्हणतोय तर तसंच झालं असणार. त्याचा पाय मोडलाय. त्यो कशाला खोटं बोलंल? माझ्याशी?"

"अरे, मी गाडी काय सांगतीया ते बघतोय."

"गाडीचं ऱ्हाऊ द्या. मी शशीला नववीपासून ओळखतोय. तुम्ही त्याला खोटं पाडायला लागलाय, ते मला खपायचं न्हाई." त्याचा चेहरा लाल झाला होता. मामांशी तो असा कधीच बोलला नव्हता. मामांनीच त्याला लेथवर उभं केलं होतं. "माझी नजर चुकली. मी पाडलं त्याला. झालं. आता ह्यावर बोलायचं न्हाई."

कुंभारमामांनी हात पुसले, गाडी परत भिंतीला लावली आणि ते त्यांच्या लेथकडे निघून गेले.

अण्णांनी जमिनीवरचे नट उचलून खिशात टाकले. "बरं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी या विषयावर माझ्याशी कधीही बोलणं काढलं नाही. टीमही पुढे चालली नाही.

*

सात महिन्यांनी मी मद्रासला गेलो. चाचणीला सहा जण होतो, मी पाचवा आलो. तिसऱ्या दिवशी राघवननी मला गाडीभाडं देऊन परत पाठवलं. स्टेशनवरच्या दुकानात लुंग्या टांगलेल्या होत्या. मी घेतली नाही.

दस्तूची बंदी वर्षभरानं उठली. तो पुन्हा कधी ट्रॅकवर उतरला नाही. अण्णांनी सांगून पाहिलं, क्लबनं बोलावलं. तो म्हणायचा, "माझ्या नजरेचा भरवसा न्हाई. आणखी कुणाला तरी पाडंन." तो लेथवरच राहिला. लग्न झालं, मुलगी झाली. ईदला त्याच्या घरून माझ्याकडे शिरखुर्मा यायचा. रस्त्यात भेटला की त्याची नजर आधी माझ्या उजव्या पायाकडे जायची. मी लंगडतोय का ते बघायचा. मी लंगडत नव्हतो. पाय चार महिन्यांत पूर्ण बरा झाला होता. पण त्याच्यासमोर चालताना मला तो पाय जड व्हायचा.

मी कितीदा सांगायचं ठरवलं, त्याचा हिशेब देण्यात अर्थ नाही. सांगितलं नाही, एवढं खरं. हलीमाचाची वारली तेव्हा मी खांदा द्यायला गेलो होतो. ती शेवटपर्यंत माझ्या आईला म्हणायची, तुमच्या पोराचं मन मोठं, म्हणून पोलिसात गेला नाही.

*

सव्वीस वर्षांनी क्लबनं जुन्या स्वारांचा सत्कार ठेवला. शहरातल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. दोनशे माणसं होती, बरीचशी तरुण. शाल, श्रीफळ. अण्णा जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यांच्या फोटोला हार घातला होता. कुंभारमामाही नव्हते.

माझं नाव पुकारलं, मी शाल घेऊन खाली आलो. मग दस्तूला बोलावलं आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. त्यानं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. माईक त्यानं उजव्या हातात घट्ट धरला.

"मी जास्त शर्यती जिंकलो न्हाई," तो म्हणाला. "माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय न्हाई. शशीबद्दल सांगतो." सभागृहात मान वळवून लोक मला शोधू लागले. "त्र्याण्णव साली मी ह्याला ट्रॅकवर पाडलं. माझ्याच टीमचा. ह्याचा पाय मोडला, ह्याची मद्रासची संधी गेली. दुसरा असता तर माझं तोंड बघितलं नसतं. ह्यानं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. सव्वीस वर्षांत एकदा बी न्हाई. आज सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागतो."

लोक उठून उभे राहिले. टाळ्या वाजत राहिल्या. माझ्या शेजारचा एक विशीतला स्वार वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला अडवू शकलो नाही. मी उठून बोलायला हवं होतं, माईक तिथंच होता, वीस पावलांवर. मी हात जोडले. फक्त हात जोडले आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दस्तूच्या घरी गेलो.

तो नुकताच चहा पिऊन कामाला निघायच्या बेतात होता. त्याची बायको, जैबुन, आत स्वयंपाकघरात होती. मला बघून त्याला आनंद झाला. "ये की. काल न बोलताच गेलास."

"दस्तू, बस," मी म्हणालो. "मला सांगायचंय."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो, त्याला ऐकू यावं म्हणून.

"नालेच्या वळणावर तू मला नाही पाडलंस. मी तुला पाडलं."

तो हसला. त्याला वाटलं कालच्या भाषणाची मी परतफेड करतोय. "असू दे रं आता."

"ऐक. तू पुढं होतास. अण्णांनी सांगितलं होतं झुंजायचं नाही, तरी मी आतून शिरलो. तू आवाज ऐकलास, मान वळवून माझ्याकडं बघितलंस, आणि मला जागा सोडलीस. गाडी बाहेर घेतलीस. मी नीट निघून गेलो असतो, दस्तू. पण मला ठाऊक होतं, वळणातून बाहेर पडताना तू मला परत मागं टाकणार. नेहमी टाकायचास. म्हणून मी गाडी आवळली नाही. बाहेर सोडली. तुझ्या अंगावर. चूक झाली नव्हती. मी केलं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला.

"मी तुझ्याकडं बघितलं होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हंजे मला दिसला होतास तू."

"दिसलो होतो. नीट दिसलो होतो."

तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. "जैबुन," त्यानं आत हाक मारली. "भाईर ये." ती हात पुसत आली. तो मला म्हणाला, "हिला सांग. मला सांगितलंस तसंच. सगळं."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. त्यानं बघितलं, जागा सोडली, मी अंगावर घातली. दवाखान्यात त्याला काही आठवत नाही हे कळल्यावर मी त्यालाही खोटंच सांगितलं. कुंभारमामा खरं बोलत होते.

जैबुन उभी राहूनच ऐकत होती. तिनं मला शिवी दिली नाही. "तस्नीमच्या जन्माच्या वेळंला माझं पोट दुखायला लागलं," ती हळू आवाजात म्हणाली, "दुपारी दोन वाजता. रिक्षावाल्यांचा संप होता. मोटारसायकल दारात उभी होती. हे मला मागं बसवायला तयार न्हाईत. म्हणले, मी पाडीन तुला, माझी नजर फसती. मला चालवत नेलं दवाखान्यात. दीड मैल. दोन घरांच्या पायरीवर बसले मी वाटेत. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी ह्यांच्या मागं कधी बसले न्हाई. पोरगीला बी कधी बसवलं न्हाई. आम्ही समजत होतो, ह्यांच्या डोक्याला मार लागलाय त्याचं आहे."

मला वाटलं होतं मी त्याची एक शर्यत घेतली. फार तर मद्रास घेतलं.

"दस्तू..." मी म्हणालो.

"मामांना मी सगळ्यांसमोर गप्प केलं," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "ते गेले तवा बी माझ्याशी नीट बोलत नव्हते. मला वाटायचं, म्हातारा हट्टी हाय." त्याचा आवाज फाटला. मग सावरून तो म्हणाला, "काल तू तिथं बसला होतास. मी माफी मागत होतो. आनि तू हात जोडलेस."

"हो."

"जा तू आता."

"दस्तू, तू म्हणशील ते..."

"जा."

मी निघालो. जैबुननं माझ्यामागं दार लावलं, जोरात नाही, रोज लावत असेल तसंच.

*

त्याच आठवड्यात मी क्लबला पत्र लिहिलं, जे झालं ते सगळं. शाल आणि मानपत्र परत केलं. सचिव, माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस, दुकानात आला. म्हणाला, "काका, कशाला जुनं उकरता? लोकांना रविवारचं किती आवडलं होतं." मी म्हणालो, सभेत वाचून दाखवणार नसाल तर मी येऊन वाचीन. त्यांनी पुढच्या मासिक सभेत ते वाचलं. मी हजर होतो. दहा-बारा माणसं होती. वाचून झाल्यावर कुणीतरी पंखा वाढवला, आणि पुढचा विषय सुरू झाला. दस्तूच्या नावावरची चूक क्लबच्या जुन्या वहीत खोडून त्याखाली माझं नाव लिहिलं गेलं. त्याची प्रत मी टपालानं त्याच्या पत्त्यावर पाठवली. पोचल्याचं काही कळलं नाही. ईदला शिरखुर्मा आला नाही, येणारही नव्हता.

मग फेब्रुवारीत, एका संध्याकाळी साडेपाच-सहाला, मी दुकानात काउंटरवर होतो. समोरच्या रस्त्यावर गर्दी होती. त्यात एक मोटारसायकल हळूहळू, रस्त्याच्या कडेनं येताना दिसली. दस्तू चालवत होता. मागं जैबुन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच बसल्यासारखी ताठ, पाय नीट कुठं ठेवायचे ते न कळलेली. एका हातानं तिनं त्याचा खांदा पकडला होता, दुसऱ्या हातानं भाजीची पिशवी मांडीवर धरली होती. दुकानासमोर एक सायकलवाला आडवा आला. दस्तूनं गाडी थांबवली, पाय टेकला, आणि त्याला माझ्याकडं बघावंच लागलं.

मी काउंटरच्या बाहेर आलो. पायरीपर्यंत गेलो.

त्यानं मला पाहिलं. नीट पाहिलं. मान हलवली नाही, हात वर केला नाही. सायकलवाला निघून गेला तसा त्यानं मागं वळून जैबुनला काहीतरी विचारलं, तिनं मान डोलावली, आणि ते गेले.

मी पायरीवर उभा राहिलो. आत गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करून थांबलं होतं. त्यानं दोनदा हाक मारली.